आयला!
(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजीच्या तासाला एके दिवशी आमचे सर वर्गात शिरले आणि त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला. मागच्या बाकावरच्या एकाने तो मोठ्याने वाचला, ‘इस्ले’. सर म्हणाले, “चूक. यातला ‘एस्’ लिहायचा असतो, बोलायचा नसतो. उच्चार आहे, आयला!”

वाचकहो, त्यानंतरची पाच मिनिटे वर्गात काय झाले असेल ते तुम्हीच ओळखा. पहिल्या बाकावरच्या मुलींनी माना खाली घातल्या आणि मागच्या बाकांवरून ‘आयला’चा गजर सुरू झाला. सर स्वतःही हसत होते. हशा ओसरल्यावर त्यांनी सांगितले की, हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे एक बेट आहे. तिथली धुरकट चवीची व्हिस्की जगभर नावाजलेली आहे. हिवाळ्यात ग्रीनलंडहून हजारो रानहंस तिथे उतरतात आणि तिथले वाळूचे किनारे मैलोन्मैल मोकळे पडलेले असतात. शेजारच्याच ‘ज्यूरा’ बेटावर राहून जॉर्ज ऑर्वेलने आपली ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी लिहिली. ती 1949 साली प्रसिद्ध झाली.

“सर, सहल तिकडेच काढू या की!” कोणीतरी ओरडले.

“तुमच्या आणि माझ्या खिशाला ते बेट झेपायचे नाही,” सर म्हणाले. “पण आपल्या जवळही एक आयला आहे. दारू, पाखरे आणि समुद्र, तिन्ही आहेत. मांडवीतले चोडण बेट. जायचे?”

अशा रीतीने यंदाच्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमची गोव्याची सहल ठरली. सगळा वर्ग आनंदला. मी मात्र घरी कसे सांगावे या विचारात पडलो.

मी कुंभारीचा. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला लागले की आमचे गाव येते. 2006 साली इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची घरकुले उभी राहिली, तेव्हापासून कुंभारीचे नाव पेपरात येऊ लागले. त्या हजारो घरांपैकी एक आमचे. दारात बसून मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई हे माझे लहानपणापासूनचे चित्र आहे. वडील यंत्रमागावर होते. टॉवेल विणायचे. पगाराच्या दिवशी ते सरळ घरी आल्याचे मला आठवत नाही. हातभट्टीने आधी त्यांची नोकरी नेली आणि चार वर्षांपूर्वी त्यांनाही नेले. मी तेव्हा अकरावीत होतो. त्या दिवसापासून दारू गाळणारा माणूस म्हणजे माझ्या लेखी खुनी. तो कोण, कुठला, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून मी सगळ्यांचाच द्वेष करीत होतो.

सहलीचे नाव काढताच आईचा हात थांबला.

“गोव्याला? तिथं काय असतंय?”

“पाखरं असतात. समुद्र असतो.”

“आनि?”

मी गप्प बसलो. आईने सुपातला तंबाखू सारखा केला आणि पुन्हा विडी वळायला घेतली. दोन दिवसांनी तिने भिशीतले पैसे माझ्या हातावर ठेवले. “जा. पन एक ध्यानात ठेव. तिथलं काय तोंडाला लावायचं न्हाई. तुझ्या बापाची शपथ.”

ज्याने आयुष्यभर तेच केले, त्याचीच शपथ! पण ती सांगताना आई हसत नव्हती.

रात्रभरचा प्रवास करून, आंबोलीचा घाट उतरून आम्ही पणजीला पोचलो. सकाळी मिरामारला समुद्र पाहिला. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर, हापसा आणि चार-पाच दिवसांनी येणारा नळ. एवढे पाणी कोणाच्याही मालकीचे नसताना नुसते पडून आहे, हे पाहून मला आनंदाआधी रागच आला. मग पायाखालची वाळू सरकली, गार लाट गुडघ्यांपर्यंत आली आणि राग कुठल्या कुठे गेला.

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते. माणसे, दुचाकी, मोटारी आणि मासळीच्या टोपल्या एकाच फळीवर. आम्हा पायी उतारूंना तिकीटही पडले नाही. काही मिनिटांतच चोडण आले. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 1988 साली स्थापन झालेले हे अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सगळे खारफुटीचे रान. झाडांची मुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली. चिखलात श्वास घेता येत नाही म्हणून ती हवेत डोके काढतात, असे सरांनी सांगितले. ओहोटी लागलेली होती. एक नांगी भली मोठी आणि दुसरी नावापुरती, असे खेकडे बिळांच्या तोंडाशी नांगी हलवीत उभे होते. निवटे नावाचे मासे चिखलावरून चक्क उड्या मारीत चालले होते. खंड्या, बगळे, पंख वाळवीत बसलेला पाणकावळा! सोलापूरची मुले तशी पाखरांना अनोळखी नाहीत. नान्नजच्या माळरानाचा माळढोक एकेकाळी आमची शान होता. आता तो क्वचितच दिसतो. उजनीच्या पाण्यावर रोहित येतात. पण इथे पाखरू पाहण्यासाठी मान वर करावी लागत नव्हती, ते शेजारी राहायला असल्यासारखे होते.

बेटावर ‘खाजन’ नावाची शेते पाहिली. खाडीला मातीचे बांध घालून मिळवलेली ही जमीन. बांधात एक लाकडी दार असते, त्याला ‘मानस’ म्हणतात. भरतीचे पाणी ढकलू लागले की दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, पण साचलेले बाहेर जाऊ द्यायचे. मी त्या दाराकडे बराच वेळ पाहत उभा होतो. आमच्या घराला असे दार असते तर, असे उगाचच मनात आले.

बेटाच्या दुसऱ्या अंगाचा पूल ओलांडला की मये लागते. तिथून डिचोलीच्या बाजूला काजूच्या बागा. दुपारी सर आम्हाला तिथल्या एका भट्टीवर घेऊन गेले. मी बसमध्येच थांबतो म्हणालो. सर म्हणाले, “बघायला शपथ नाही ना घातलेली?” शपथेचे त्यांना कोणी सांगितले, कोण जाणे!

मी मनात जी भट्टी धरून होतो ती अंधारी, पोलिसांना भिणारी, ओशाळवाणी होती. ही झाडाखाली उघड्यावर होती. एक आजोबा दगडी कोळंबीत पिवळी-तांबडी बोंडे पायांनी तुडवीत होते. त्यात साखर नाही, यीस्ट नाही, काही घालायचे नाही. रस दोन-तीन दिवस आपोआप फसफसतो, मग त्याला भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेची ती हुर्राक. ती पुन्हा गाळली की फेणी. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले, पण त्याच्या बोंडाची फेणी मात्र गोव्याचीच. 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आजोबा हे सारे आमच्या प्राध्यापकांपेक्षा कमी शब्दांत सांगत होते.

बाजूला आजी बोंडांपासून बिया पिळून वेगळ्या करीत बसल्या होत्या. त्यांनी एक पेला माझ्यापुढे धरला. मी मागे सरलो.

“दारू न्हय रे बाबा, नीरो. सकाळीच गळलेला. गोड आसा.”

“मला नको, आजी. शपथ आहे.” आणि मग, का कोण जाणे, मी बोलून गेलो, “माझे वडील यानेच गेले.”

आजींनी पेला खाली ठेवला. माझी समजूत घातली नाही की रागावल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, “माझा दीरही.” आणि पुन्हा बी पिळू लागल्या.

तेव्हा मी त्यांच्या हातांकडे पाहिले. काजूच्या चिकाने बोटांची टोके काळी पडली होती, कातडे सोलवटले होते. ही बोटे मी कुठेतरी पाहिली होती. कुठे? रोज आमच्या दारात, सुपावर! तंबाखूने पिवळी पडलेली, पान दुमडून दुमडून नखे झिजलेली.

माझी फी त्या बोटांनी भरली. ही सहलसुद्धा त्यांनीच काढली. दिवसाला हजारभर विड्या आमच्या दारातून बाहेर पडतात. त्या कोण ओढतो? कोणाच्या छातीत तो धूर जातो? कुठल्यातरी गावात माझ्यासारखाच एक मुलगा असेल, ज्याचा बाप खोकून खोकून गेला असेल आणि जो विडी वळणाऱ्या प्रत्येक बाईला खुनी समजत असेल. त्याला मी काय सांगू? माझी आई तशी नाही, हे? मग हेच या आजींच्या नातवाने मला सांगितले, तर?

याचे उत्तर मला तिथे मिळाले नाही, आजही मिळालेले नाही. दारू वाईट नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला माझ्या घरातली एक जागा रिकामी आहे. पण त्या दिवसापासून माझ्या रागाला समोरचा चेहरा पाहण्याची सवय लागली, एवढे खरे.

निघताना मी आजींकडून पावशेर काजू घेतले.

तिसऱ्या दिवशी पहाटे घरी पोचलो. आई दारातच होती. पिशवी घेण्याआधी म्हणाली, “तोंड उघड बघू.” मी मुकाट्याने आ केला. वास घेऊन तिचे समाधान झाले. मग ती चहा टाकायला आत वळली.

चहा पिताना मी तिला समुद्र सांगितला, पाखरे सांगितली आणि शेवटी आजींची बोटे सांगितली. आई काजू हातात घेऊन उलटसुलट करून पाहत राहिली.

“मग तिला सांगायचं न्हाई व्हय,” ती म्हणाली, “माझ्या आईचीबी अशीच हायत म्हनून?”

आणि सूप मांडीवर ओढून तिने दिवसाची पहिली विडी वळायला घेतली.