भाररहित अणूंची मोजणी

विद्युतभार नसलेला अणू चुंबकीय क्षेत्राला जुमानत नाही. सौरवाऱ्यातला प्रोटॉन क्षेत्ररेषांभोवती गिरक्या घेत भरकटतो. वाटेत एखाद्या थंड अणूचा इलेक्ट्रॉन त्याने हिसकावला, की तोच अणू बनतो आणि त्या क्षणीच्या दिशेने सरळ सुटतो. म्हणून तो कुठून आला हे सांगता येते. अडचणही तिथेच आहे. विजेच्या पट्ट्या आयनाला वळवतात, निवडतात. अणू त्यांच्यामधून निर्विकारपणे निघून जातो.

तेव्हा उपकरणात शिरताच त्याला भार द्यायचा. 2008 मध्ये सोडलेल्या नासाच्या आयबेक्स उपग्रहावर याच्या दोन तऱ्हा आहेत. जास्त ऊर्जेचे अणू कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यातून आरपार जातात, आणि काहींचा इलेक्ट्रॉन तिथे गळून पडतो. मंद अणूंना हे झेपत नाही. ते हिऱ्यासारख्या कार्बनच्या गुळगुळीत पृष्ठावर तिरपे आदळतात. त्यांतले थोडे एक इलेक्ट्रॉन उचलून ऋण आयन होतात. बहुतेक वायाच जातात. त्यामुळे उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत आधीच माहीत असलेला झोत सोडून शंभरांत किती सापडतात हे ठरवले नसेल, तर पुढचा कुठलाही आकडा कुचकामी.

हेलियमची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा टिकाऊ ऋण आयन होतच नाही. मात्र तो आदळला की पृष्ठावर साचलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थरातून आणि खालच्या कार्बनमधून हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बनचे आयन उडतात. त्या शिंतोड्यांच्या प्रमाणावरून हेलियम ओळखतात. एरवी पृष्ठावरचा असला थर कुणाला नको असतो. इथे त्याच्यावाचून अडते.

खरा छळ प्रकाशाचा. हायड्रोजनचे 121.6 नॅनोमीटरचे अतिनील किरणही शोधकात खोट्या नोंदी करतात, आणि अणूंपेक्षा ते कितीतरी जास्त असतात. एकाच कणाने काही नॅनोसेकंदांत दोन-तीन ठिकाणी खूण ठेवली, तरच ती नोंद धरतात. या कामात आकडा वाढला की आनंदाआधी संशय येतो, आणि तो यायलाच हवा.

चांद्रयान-1 वरच्या ‘सारा’ या उपकरणाने चंद्राजवळ हीच मोजणी केली. ते स्वीडनमधील किरुना आणि तिरुवनंतपुरम येथील शास्त्रज्ञांनी इतर देशांच्या साहाय्याने बनवले होते. चंद्रावरची धूळ सौरवारा जवळजवळ पूर्ण शोषते असा तोवरचा समज होता. ‘सारा’ला दिसले, की आदळणाऱ्या प्रोटॉनांपैकी 20 टक्क्यांपर्यंत हायड्रोजनचे अणू होऊन परत फिरतात. 2009 मध्येच आयबेक्सने दुरून काढलेला अंदाज सुमारे 10 टक्क्यांचा होता.