मोटारींतला घुमारा आणि विजापूरचा घुमट

मोटारीच्या प्रवासाचें सुख पुष्कळांनीं वर्णिलें आहे. परंतु त्या सुखास लागणारें एक गालबोट सहसा कोणी सांगत नाहीं. रस्ता मोकळा मिळतो, गाडी वेग घेते, आणि एकाएकीं डग्ग्यावर कोणी अखंड हात घाशीत बसावें तसा एकसुरी घुमारा आंतल्या आंत सुरू होतो. तो आवाज मोठा नसतो. पण कानांवर दाब पडतो, डोकें जड होतें आणि बोलणें खुंटतें. गेल्या माघांत पुण्याहून विजापुरास जातांना या घुमाऱ्याशीं आमचा निकट परिचय झाला. त्याचें मूळ कसें शोधावें हें सांगितल्यास मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांस उपयोग होईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रवासांत आम्ही चौघें होतों: गाडी हांकणारा पुतण्या, सूनबाई, माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची वडील बहीण अक्का आणि मी. गोलघुमट एकदां डोळ्यांनीं पाहावा ही अक्काची फार दिवसांची इच्छा. परंतु भिगवण मागें पडून उजनी जलाशयाचें पाणी दिसूं लागलें, तरी तिचें लक्ष बाहेर नव्हतें. कानांवर पदर घट्ट धरून ती म्हणाली, "बाळ, सोलापूर आलें कीं मला आगगाडींत बसवून दे. घुमट तुम्हीच पाहून या." पुतण्याची चिंता निराळी होती. निघण्यापूर्वीं पुण्यांतील एका गॅरेजांत 'चारी टायर बदला' असें सांगण्यांत आलें होतें. शिवाय चाकाचें बेअरिंग गेलें असेल, तर याच गाडीनें पुढें जाणें धोक्याचें ठरलें असतें.

न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची एक सोपी रीत आहे, तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जें असतां कार्य असतें आणि जें नसतां तें नसतें, तेंच त्याचें कारण. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या कीं निर्णय फसतो. हीच रीत रस्त्यावर लावून पाहूं, असें मीं पुतण्यास सुचविलें.

प्रथम वारा. मागची एकच काच उघडी असेल, तर रिकाम्या रांजणाच्या तोंडावर फुंकावें तशी आंतली हवा धबधबते. दुसरी काच थोडी उघडली कीं तें थांबतें. आमच्या चारी काचा बंद होत्या आणि टपावर सामानहि नव्हतें. सबब वारा निर्दोष.

नंतर टायर. झिजलेल्या टायरांचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणें बदलतो. खरखरीत डांबरावरून गुळगुळीत पट्ट्यावर गाडी आली, पण घुमाऱ्यांत फरक पडला नाहीं. मग बेअरिंग. तें खराब असलें तर वेगाबरोबर गुरगुर वाढते, आणि वळणावर भार एका बाजूच्या चाकांवर गेला कीं ती कमीजास्त होते. इंदापूरच्या पुढें एक डावें व एक उजवें अशीं दोन लांब वळणें लागलीं. घुमारा होता तसाच राहिला.

आतां गिअर. ताशीं ८० किलोमीटर वेग, पांचवा गिअर, इंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा मिनिटास २००० वर: घुमारा भरपूर. वेग तोच ठेवून चौथा गिअर टाकला. कांटा वर गेला आणि घुमारा नाहींसा झाला. चौथ्यांतच वेग उतरवून कांटा पुन्हां २००० वर आणतांच, ताशीं साठाच्या आसपास, घुमारा परत हजर! म्हणजे तो चाकांच्या वेगास बांधलेला नसून इंजिनाच्या फेऱ्यांस बांधलेला होता. टेंभुर्णीस चहाला थांबलों, तेव्हां गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्यें, पुतण्यानें पाय दाबून कांटा २००० वर नेला. मागच्या बाकावर तोच घुमारा उमटला. चाकें तर जागच्या जागीं होतीं! टायर व बेअरिंग दोन्ही सुटलीं. उरलें इंजिन आणि त्याची धूर सोडणारी नळी, म्हणजे सायलेन्सर.

सोलापुरांत एका मिस्त्रीस हा सर्व वृत्तांत सांगितला. नळी निवेपर्यंत त्यानें तिला हात लावला नाहीं; मग गाडीखालीं शिरून ती हालवून पाहिली. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो त्यांपैकीं एक तुटलें होतें आणि नळी गाडीच्या तळास टेंकली होती. घासल्याची चकचकीत खूण तेथें स्पष्ट होती. इंजिनाचीं फाउंडेशनें, म्हणजे तें ज्या रबरी बैठकींवर बसतें त्या, शाबूत होत्या. अर्ध्या तासांत नवें रबर बसलें. चार टायरांच्या किमतीपुढें तो खर्च किरकोळच. गाडी सुरू झाल्यावर अक्कानें कानावरचा पदर काढला, आणि आगगाडीचें नांव पुन्हां निघालें नाहीं.

मंद्रूप मागें टाकून टाकळीजवळ भीमा ओलांडली. दोहों बाजूंस शाळूचीं शेतें डुलत होतीं आणि अक्का माहेरच्या गोष्टी सांगत होती. दोन प्रहरीं विजापूर आलें. सरकारदप्तरीं २०१४ पासून या शहराचें नांव विजयपूर आहे. १६५६ सालीं निवर्तलेला महंमद आदिलशहा येथें गोलघुमटाखालीं चिरनिद्रा घेत आहे. घुमटाचा आंतला व्यास सुमारें १२४ फूट, आणि मध्यें एकहि खांब नाहीं. अक्का खालींच थांबली. आम्ही कोपऱ्याच्या मनोऱ्यांतून सज्ज्यावर चढलों. पुतण्यानें एक टाळी वाजविली आणि ती अनेक वेळां परत आली. तेथेंच मोटारींतल्या घुमाऱ्याचा उलगडा झाला.

ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. घुमटाच्या ३८ मीटर व्यासावरून जाऊन परत येण्यास त्यास पाव सेकंदाच्या थोडें आंत लागतें. म्हणून प्रत्येक टाळी कानास सुटी ऐकूं येते. मोटारीची आंतली लांबी फार तर अडीच मीटर. तेथें ध्वनि सेकंदांत ६८ वेळां जाऊन परत येतो. कानास तें सुटें कळत नाहीं, एकच घुमारा भासतो. आणि चार सिलिंडरांच्या इंजिनांत प्रत्येक फेरीस दोन स्फोट होतात. मिनिटास २००० फेऱ्या म्हणजे सेकंदास सुमारें ६७ स्फोट. झोपाळ्यास योग्य क्षणीं झोका द्यावा तसा प्रत्येक स्फोट आंतल्या हवेस बळ देत होता. रबर शाबूत असतांना तो धक्का रबरांतच जिरे. नळी तळास टेंकतांच गाडीचा पत्रा डग्ग्याचें कातडें झाला.

तरी असा घुमारा ऐकूं आल्यास वाचकांनीं प्रथम काचा पाहाव्या, मग रस्त्याचा पृष्ठभाग, मग वळणें, मग गिअर, आणि शेवटीं उभ्या गाडींत इंजिन चालवून पाहावें. घाटांत हे प्रयोग करूं नयेत. वळणावर गुरगुर बदलली तर चाक ताबडतोब तपासून घ्यावें. आंत धुराचा वास आला तर काचा उघडून गाडी थांबवावी. कारण त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस स्वतःचा वास नसतो. मिस्त्रीकडे जातांना 'आवाज येतो' एवढेंच न सांगतां तो कोणत्या वेगास, कोणत्या गिअरांत आणि कांटा कोठें असतांना येतो हें टिपून न्यावें. एवढ्या टिपणानें आमचे चार टायर वांचले आणि अक्काचा घुमट पाहून झाला.