साल हरवलेले फोटो: मूळ तारखेस अनावृत पत्र

प्रिय मूळ तारखे,

आयर्विन पुलाला टेकू पाहणाऱ्या कृष्णेचा फोटो २००५चा, २०१९चा की २०२१चा, हे नुसत्या पाण्याकडे बघून मुरलेल्या सांगलीकरालाही ठामपणे सांगता येत नाही. पाणी तसंच गढूळ, काठावर तशीच गर्दी, आभाळ तसंच भरलेलं. आमच्याकडे पुरांना नावंच सालांची आहेत: पाच सालचा, एकोणीसचा, एकवीसचा. फोटोला मात्र आपलं साल बोलून दाखवता येत नाही. ते तू त्याच्या पोटात धरून बसलेली असतेस, आणि फोनमधून कॉम्प्युटरवर फोटो उतरवताना आम्ही तुला वाटेत कुठेतरी सांडून येतो. तुझ्याशी बोलायचं ते त्याबद्दलच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि सगळ्यांच्या तारखा आजच्या झाल्या,’ ही तक्रार घरोघर ऐकू येते. केबल जोडली, फोल्डर ओढून घेतला, आणि बारशापासून शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंतचं सगळं एकाच दुपारी उरकल्यासारखं दिसायला लागलं. माणूस धास्तावतो. पण तू तेव्हा कुठेही गेलेली नसतेस. कॉम्प्युटर दाखवत असतो ती फाइलची तारीख. विंडोजमध्ये प्रत केली की ‘डेट क्रिएटेड’ त्या घटकेची पडते, कारण त्या डिस्कवर ती फाइल खरोखरच तेव्हा जन्माला आली. ‘डेट मॉडिफाइड’ एरवी जुनीच राहते, पण फोनमधून केबलने फाइली घेताना कधी कधी तीही आजची होऊन बसते. या दोन्ही तारखा म्हणजे पाकिटावरचे टपालाचे शिक्के. पत्र कधी पोचलं ते शिक्का सांगतो. कधी लिहिलं ते आतल्या कागदावर असतं.

तो आतला कागद म्हणजे एक्झिफ. डिजिटल कॅमेऱ्यांनी फोटोच्या फाइलीतच त्याची माहिती कशी लिहून ठेवायची, याचा हा नमुना जपानमध्ये १९९५ साली ठरला आणि पुढे जगभरच्या कॅमेऱ्यांनी, मग फोनांनी तो उचलला. कोणता कॅमेरा, किती उजेड, भिंग किती उघडं, आणि या सगळ्यात तू: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. फाइलवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’ उघडलं की ‘डेट टेकन’ या नावाने तू दिसतेस. फोल्डरमध्ये तोच रकाना आणून त्यावर क्रम लावला, की बारसं बारशाच्या जागी आणि शाळा शाळेच्या जागी जाते. तक्रार करणाऱ्या निम्म्याअधिक मंडळींचं काम इथेच व्हावं.

तुझा खरा घात होतो तो दुसरीकडे. केबल कोण शोधत बसणार, म्हणून माणूस फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. त्या खटाटोपात फोटो दाबून लहान केला जातो आणि आतला कागद काढून टाकला जातो. एका अर्थी बरंच आहे, कारण त्याच कागदावर आपल्या घराचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. पण त्यांच्याबरोबर तूही जातेस. अँड्रॉइड फोनवर उरतं ते ‘आयएमजी-२०१९०८०८-डब्ल्यूए००१२’ असलं एक नाव, आणि त्यातला आकडा फोटो काढल्याचा नसून तो पाठवला-मिळाला त्या दिवसाचा असतो. मामाच्या लग्नाचा जुना अल्बम कुणी मोबाइलने टिपून परवा ग्रुपवर टाकला, तर नावाप्रमाणे मामाचं लग्न परवा लागलं! घरातल्या घरात हे हसण्यावारी नेता येईल. पुराच्या दिवसांत नाही. नदी चढायला लागली की जुन्या पुराचे फोटो नव्या मजकुराने फिरू लागतात, आणि वरच्या मजल्यावर सामान हलवायचं की नाही हे ठरवणारा माणूस त्यांच्याकडे बघून घाबरतो किंवा, त्याहून वाईट, ‘हे तर जुनंच’ म्हणून खराही फोटो उडवून लावतो.

सांगलीला तुझी किंमत जास्त का, ते नदीकडे बघून कळतं. कृष्णा महाबळेश्वरहून येते, कोयनाही तिथूनच निघते, आणि दोघी कराडला प्रीतिसंगमावर समोरासमोर भेटतात. सातारा जिल्ह्यात पडलेला पाऊस आणि पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाच्या सहा दरवाजांतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात हजारो लोकांच्या फोनांनी हा पूर टिपला. दरवाजांखालचा फेस, संगमावरची बुडालेली बाग, मग गावभागातली पहिली पायरी, दुसरी पायरी, खिडकीचे गज. प्रत्येक फोटोबरोबर तू मिनिटासकट शाबूत असशील, तर कोणत्या बोळात पाणी कुठून शिरलं आणि किती वेळात कंबरेला आलं, हे पुढच्या पुराआधी मांडता येईल. सरकारी पातळीमापक पुलाजवळ असतो, बोळाबोळात नसतो. बोळातली नोंद फक्त या फोटोंत आहे. त्यातले बहुतेक आज ग्रुपांवरून उतरवलेल्या, तारीख उडालेल्या प्रती होऊन पडले आहेत. मला विचारशील तर पुराने नेलेल्या कागदी अल्बमांइतकंच हे नुकसान आहे, फक्त याचा पंचनामा कुणी करत नाही.

आणि हे व्हावं कुठे, तर ज्या मुलखाने कागदांवरची सालं शोधण्यात आयुष्यं घालवलेली माणसं पाहिली तिथे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना वाईत जुन्या पत्रांचं घबाड सापडलं, आणि त्यातून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. तिकडे मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचून, लावून, ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापत राहिले. पेशवाईतल्या पत्रांची एक खोड या संपादकांना छळायची. पत्राखाली ‘छ’ घालून चंद्राचा आकडा असे, मुसलमानी महिना असे, पुष्कळदा तिथी-वारही असे. साल नसे! लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला? मजकुरात कुठल्या स्वारीचा उल्लेख आहे, कोण हयात आहे, तो महिना त्या साली कोणत्या ऋतूत पडला होता, तिथी आणि चंद्र जुळतात का, असं सगळं ताडून एकेका पत्राचं साल बसवावं लागे. चुकलं तर स्वारीच दुसऱ्या वर्षात जाऊन पडायची.

आमचे फोल्डर बघ. ‘वारी’. ‘बावधन बगाड’. ‘तासगाव रथ’. ‘कास’. साल कुठेही नाही, कारण ठेवताना ते आम्हाला ठाऊक होतं. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण दर आषाढवारीत तसंच रंगतं, बावधनचं बगाड दर रंगपंचमीला निघतं, तासगावचा रथ गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दोर लावून ओढला जातो. सण तिथीवर चालतात, म्हणून इंग्रजी तारीख दर वर्षी हलते. पण फोटोतला गुलाल हलत नाही. दहा वर्षांनी कोणता फोटो कोणत्या वर्षीचा हे ठरवायला आम्ही कुणाच्या डोक्यावर केस किती आहेत ते बघतो. खरेशास्त्र्यांची पद्धत थोडीफार हीच, पण त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

कासची गोष्ट थोडी वेगळी. ते पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून तिथे फुलांपेक्षा फोन जास्त. असू देत. फुलोरा यंदा कधी सुरू झाला, टोपली कारवी कोणत्या साली फुलली, हे पुढे अभ्यासणाऱ्याला या हौशी फोटोंतून कळू शकतं; अट एकच, तू जागेवर हवीस. तारखेविना फुलाचा फोटो फक्त सुंदर असतो.

तुझी भलामण करतोय म्हणून तू नेहमी खरी असतेस असं नव्हे. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी संपून घड्याळ उलटं फिरलं की तू बिनदिक्कत १ जानेवारी सांगतेस. लग्नात अमेरिकेहून आलेल्या चुलतभावाचा कॅमेरा तिकडच्याच वेळेवर असतो आणि मग अक्षता हळदीच्या आधी पडतात. एक्झिफमध्ये वेळेबरोबर तिचा टापू लिहायची सोय २०१६पर्यंत नव्हतीच. व्हिडिओची तऱ्हा आणखी न्यारी. त्यात वेळ बहुतेकदा ग्रिनिचची लिहिलेली असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून औदुंबरला पहाटे पाचला टिपलेली काकडआरती काही प्रोग्राममध्ये आदल्या रात्रीची होते. शिवाय तुला बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. म्हणूनच कोर्ट तुझ्या एकटीच्या शब्दावर जात नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या आपल्याच जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं, की मूळ उपकरण हजर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने त्या प्रमाणपत्रात फाइलीचं हॅश मूल्यही मागितलं आहे. एक अक्षर बदललं तरी ते मूल्य बदलतं. बांधावरच्या भांडणाचा किंवा झडलेल्या द्राक्षघडांचा फोटो जपणाऱ्याने त्यामुळे मूळ फाइलीला हातच लावू नये. पीकपाण्याची नोंदही १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीतून फोटोसकट होऊ लागली आहे. फोटोचा हौसेपलीकडचा उपयोग आता गावोगाव पोचला आहे.

तुला जपायला फारसं काही करावं लागत नाही, हे सांगताना मला थोडा रागच येतो. फोन केबलने जोडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं आणि कॅमेऱ्याचा मूळ फोल्डर, साधारणपणे ‘डीसीआयएम’, जसाच्या तसा उतरवायचा. आधी प्रत, प्रत उघडून बघितल्यावरच फोनमधून पुसणं. व्हॉट्सॲपशिवाय गत्यंतर नसेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. तसा पाठवला की आतला कागद शाबूत पोचतो. स्क्रीनशॉट हा फोटो नव्हे. फिल हार्वी नावाच्या गृहस्थाने २००३पासून फुकट देऊ केलेलं ‘एक्झिफटूल’ तुला वाचून हजारो फाइलींची नावं वर्ष-महिना-दिवस अशी बदलून देतं, आणि पाकिटावरचे शिक्केही तुझ्याप्रमाणे दुरुस्त करतं. गूगल फोटोजमधलं फुकट, अमर्याद साठवण १ जून २०२१ला बंद झाल्यावर पुष्कळांनी आपला माल उतरवून घेतला. त्यांनी सोबत आलेल्या ‘जेसन’ नावाच्या छोट्या फाइली कचरा समजून टाकू नयेत. तिथे हाताने दुरुस्त केलेली तारीख त्या फाइलीत असते, फोटोत नसते.

ज्या फोटोंतून तू आधीच गेली आहेस, त्यांच्यासाठी मशीन काही करू शकत नाही. तिथे माणसंच हवीत. घरातली वडीलधारी मंडळी बसवून, फोटो मोठ्या पडद्यावर दाखवून, ‘हे कधीचं?’ विचारायचं आणि निदान साल फोल्डरच्या नावात लिहायचं. नक्की नसेल तर ‘२००५च्या पुरानंतर, २०१०च्या आधी’ असं लिहिलं तरी चालेल. राजवाडे-खऱ्यांना साक्षीदार जिवंत मिळाले नाहीत, आपल्याला मिळताहेत.

हे पत्र उघडं आहे, तेव्हा तुझ्या खांद्यावरून वाचणाऱ्यांना एक विनंती. नवा फोन घ्यायच्या आधी जुन्यातला मूळ फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. सांगलीकरांनी ती डिस्क तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नये, आणि दुसरी प्रत साताऱ्यातल्या पाहुण्यांकडे, उंचावरच्या घरात ठेवायला द्यावी.

तुझा,
कृष्णाकाठचा एक फोटोवेडा