कार्यालयीन कागद संगणकावर कसा घडतो

कचेरीतल्या वर्ड प्रोसेसिंगमध्ये टंकलेखन हा फक्त पहिला टप्पा असतो. मजकूर साठवणे, त्याची मांडणी करणे, तोच मजकूर पुन्हा वापरणे, शोधणे आणि निर्दोष छापणे हा पुढचा, अधिक मोठा भाग. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्द प्रतिमिनिट वेग मागितला जातो. वेग येतो सरावाने. मांडणी मात्र समजून घेऊन शिकावी लागते.

अशा मांडणीची गरज कुठे भासते, यासाठी नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. अक्राणीचे मुख्यालय धडगाव. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने इथल्या टेबलांवर नेहमीच्या पत्रव्यवहाराच्या जोडीला पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा कायदा) ग्रामसभांच्या नोटिसा आणि इतिवृत्ते, वनहक्क दाव्यांच्या याद्या, आश्रमशाळांचे अहवाल, लाभार्थ्यांची पत्रे असे कागद येतात. यातल्या बहुतेक कागदांचा साचा ठरलेला असतो आणि गाव, नाव, तारीख एवढेच बदलते. अशा कामात वर्ड प्रोसेसिंगचा उपयोग सर्वाधिक होतो.

मराठी कागदाचा पाया म्हणजे युनिकोड. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटांत संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवतो आणि फाँट त्यांच्यावर देवनागरी आकार चढवतो. कृतिदेवमध्ये ‘काम’ हा शब्द डी, के, ई या तीन अक्षरांच्या रूपात साठतो. ती फाइल धडगावहून जिल्हा कार्यालयात गेली आणि तिथे तो फाँट नसला, की पडद्यावर तीच रोमन अक्षरे उमटतात. अशा फाइलमध्ये मराठी शब्द टाइप करून शोध घेतला, तर तो सापडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फाँट बदलला तरी मजकूर टिकतो. जुन्या फाइली परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतात. मात्र नंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे नजरेखालून घालावीच लागतात.

युनिकोड टंकनासाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक असतो. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडली की विंडोज आणि स्पेसबार या कळा एकत्र दाबून भाषा बदलता येते. या कळफलकात स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने टाइप होतात. ‘जिल्हा’ लिहिताना आधी ज, मग वेलांटी, मग ल, हलन्त, ह आणि शेवटी काना. कागदावर वेलांटी आधी दिसत असली, तरी ती टाइप होते व्यंजनानंतर. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना नेमके हेच सुरुवातीला अडते. टाइपरायटरच्या रेमिंग्टन रचनेची सवय सुटत नसेल, तर तीच रचना युनिकोडमध्ये वापरण्याची सोयही उपलब्ध आहे.

कार्यालयीन मराठीत वारंवार लागणारे एक जोडाक्षर मुद्दाम गिरवण्यासारखे आहे. ‘अधिकाऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दांत ‘र’ अर्धा असतो, पण तो रफार होऊन डोक्यावर चढत नाही. इनस्क्रिप्टमध्ये साधा र इंग्रजी जे या कळीवर आहे. तो टाइप करून हलन्त आणि य दिला की ‘अधिकार्यांना’ असा चुकीचा शब्द तयार होतो. शिफ्ट दाबून तीच कळ वापरली की नुक्त्याचा ‘ऱ’ मिळतो. त्यानंतर हलन्त, जो इंग्रजी डी या कळीवर आहे, आणि मग य दिला की ‘ऱ्य’ बरोबर उमटतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे.

मजकुरानंतर मांडणी. पत्राचे भाग ठरलेले असतात: कार्यालयाचे नाव, जावक क्रमांक, दिनांक, प्रति, विषय, संदर्भ, मजकूर, सहपत्रे, स्वाक्षरी आणि प्रतिलिपी. नवखा टंकलेखक दिनांक उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार दाबत राहतो आणि दोन परिच्छेदांत अंतर पाडण्यासाठी एंटर. मग एक ओळ वाढली की सगळे पत्र विस्कटते. दिनांकासाठी उजव्या बाजूचा टॅब किंवा चौकट न दिसणारा दोन स्तंभांचा तक्ता वापरावा. परिच्छेदांमधले अंतर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये ठरवावे आणि नवे पान कंट्रोल-एंटरने सुरू करावे. शीर्षक, विषय आणि मुख्य मजकूर यांना स्टाइल दिली, की एका ठिकाणी आकार बदलल्यावर पूर्ण कागद बदलतो. पंचवीस पानी अहवालाची अनुक्रमणिका याच शीर्षक-स्टाइलवरून आपोआप तयार होते. तयार पत्र टेम्प्लेट म्हणून साठवले, तर पुढच्या वेळी जुने पत्र उघडून नवे लिहिताना जुनी तारीख किंवा जुना संदर्भ चुकून राहून जात नाही.

यादीसाठी तक्ता करावा. अनुक्रमांक हाताने न घालता आपोआप क्रमांकनाने घालावा, म्हणजे मधली ओळ काढली तरी क्रम तुटत नाही. यादी अनेक पानांवर जात असेल, तर शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा येईल असे ठरवावे. नाहीतर तिसऱ्या पानावर कोणत्या स्तंभात क्षेत्र आहे आणि कोणत्यात गट क्रमांक, हे कळत नाही.

मेल मर्ज, म्हणजे एकाच साच्यात यादीतली माहिती आपोआप भरून अनेक प्रती तयार करणे, हे या कामातले सर्वांत उपयुक्त तंत्र आहे. ग्रामसभेच्या नोटिशीचेच उदाहरण घ्या. पेसा कायदा १९९६ चा आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे; त्यांच्या चौकटीत एखादा पाडाही गाव म्हणून घोषित होऊन त्याची स्वतंत्र ग्रामसभा भरू शकते. त्यामुळे एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत अनेक ग्रामसभांना नोटीस काढावी लागू शकते. अशा वेळी एक्सेलमध्ये पाड्याचे नाव, सभेची तारीख, वेळ आणि ठिकाण असे चार स्तंभ करावेत, पहिल्या ओळीत त्यांची नावे लिहावीत आणि वर्डमधल्या नोटिशीत त्या त्या जागी ती क्षेत्रे घालावीत. वर्ड प्रत्येक पाड्यासाठी स्वतंत्र नोटीस तयार करतो.

एक्सेलच्या सवयी मात्र ठाऊक असाव्या लागतात. तारीख वर्डमध्ये येताना महिना आधी आणि दिवस नंतर अशी उलटू शकते, म्हणून तारखेचा स्तंभ आधीच टेक्स्ट स्वरूपात ठेवावा. हाच नियम लांब क्रमांकांना लागू होतो.  आधारचा बारा अंकी क्रमांक जनरल स्वरूपाच्या कप्प्यात टाकला, की एक्सेल त्याला ‘ई’ अक्षर असलेल्या आखूड रूपात दाखवतो. बँक खात्याचा क्रमांक पंधरा अंकांहून मोठा असेल, तर पुढचे अंक शून्य होतात, आणि क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात. म्हणून क्रमांक भरण्याआधीच स्तंभ टेक्स्ट स्वरूपाचा करावा; एकदा गेलेले अंक परत येत नाहीत. शिवाय आधारसारखा क्रमांक गरज नसेल तिथे पत्रात छापूच नये.

शेवटचा टप्पा तपासणीचा. गावांची आणि माणसांची नावे वर्डच्या शुद्धलेखन तपासणीत बसत नाहीत, त्यामुळे ती मूळ यादीशी ताडून पाहावीत. शोधा-बदला म्हणजेच कंट्रोल-एच वापरताना सगळे एकदम न बदलता एकेक ठिकाण बघून बदलावे. ‘तळोदा’चा बदल ‘तळोद्याच्या’ या रूपाला लागू होत नाही, कारण मराठीत सामान्यरूप होते. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस आणि विषय हा क्रम ठेवला तर फोल्डरमध्ये कागद तारखेनुसार लागतात. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून कंट्रोल-एस वरचेवर दाबावे. पाठवायची प्रत पीडीएफ करावी आणि संपादनयोग्य प्रत कार्यालयात राखावी.

शिकण्याचा क्रम असा: आधी इनस्क्रिप्ट, मग पत्र, तक्ता, टेम्प्लेट आणि शेवटी मेल मर्ज. यासाठी एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांचा उपयोग होतो. लिब्रेऑफिस रायटर मोफत मिळतो आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट नसतानाही चालतो. सरावासाठी मात्र कल्पित मजकूर न घेता स्वतःच्या कचेरीतला खरा कागद घ्यावा. पूर्वी हाताने आखलेली एक यादी किंवा दरवेळी नव्याने टाइप होणारी एक नोटीस टेम्प्लेटमध्ये बसवली, की पुढच्या प्रत्येक प्रतीत फक्त बदलणारा मजकूर भरायचा उरतो.