न्यू ऑर्लिन्समधील रविवार

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात आमचा पहिलाच दिवस, तोही रविवार. सकाळी मिसिसिपी नदीकाठी पिठीसाखर भुरभुरलेले गरमागरम बेन्ये खाऊन आम्ही पतीपत्नी पायीच निघालो. फ्रेंच क्वार्टरच्या नाक्यानाक्यावर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन वाजत होते.

दुपारी काँगो स्क्वेअर गाठले. गुलामगिरीच्या काळात काळे लोक रविवारी येथे जमून वाजवीत, नाचत. १८१७ च्या नगर हुकुमाने तर त्यांनी कोठे जमायचे तेही मेयर ठरवू लागला. त्या तालांचा वारसा पुढे जॅझमध्ये उतरला. याच शहरात १९०१ साली जन्मलेल्या लुई आर्मस्ट्राँगचे नाव आज तेथील उद्यानाला आहे.

झाडाखाली ढोल वाजत होते. एका वृद्ध वादकाने आमच्यापुढे ढोल सरकवला. आम्ही थबकलो. आमच्या दोघांच्याही आजोबांनी बाबासाहेबांचा संदेश ऐकून गावकीची हलगी कायमची खाली ठेवली होती. पण गावाच्या हुकुमाने वाजवणे वेगळे आणि आपल्या मनाने, आपल्या माणसांत वाजवणे वेगळे, हे त्या म्हातारबाबांकडे पाहून उमगले.

आम्ही दोघांनीही थाप दिली. ताल चुकला, बाबा हसले. रात्री फोनवर नातवंडांना आधी हीच गोष्ट सांगितली.