गाडीतला वास

2025 ची बकरी ईद 7 जूनला होती आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळा उघडल्या. आम्ही चौघे शिक्षक सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने एकाच गाडीतून शाळेला जातो. गाडी माझी, पेट्रोल वाटून. पहिल्याच दिवशी एसी लावला आणि जाळीतून वास आला. आंबट, कुबट, भिजलेले मोजे पिशवीत राहून गेल्यासारखा. माझ्या शेजारी बसलेल्या सरांनी काच खाली केली आणि म्हणाले, "काय सर, ईद जोरात झालेली दिसते!" मागचे दोघे हसले. मीही हसलो.

त्या हसण्यानंतर मी जे केलं ते सांगायला हे लिहितोय.

ईदच्या दिवशी कुर्बानीचा नातेवाइकांचा हिस्सा मी डिकीतूनच पोचवला होता. त्यामुळे मला शंकाच उरली नाही. घरी आल्यावर डिकी फिनेलने धुतली. जाळीला बाटलीवाला सेंट अडकवला. तरी भागेना म्हणून कापसाला अत्तर लावून तो बोळा जाळीत खोचला. दुसऱ्या दिवशी अत्तर आणि कुबट वास दोन्ही मिळून आले. सर काही बोलले नाहीत, फक्त काच खाली केली. त्याने जास्त लागलं.

रविवारी बायको मोठ्या आपाकडे मटणाचा डबा घेऊन निघाली होती. मी म्हणालो, गाडीत नको, वास बसतो. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिक्षाने गेली.

पुढच्या आठवड्यात गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने गाडीकडे बघण्याआधी एकच प्रश्न विचारला. "सर, वास दार उघडलं की येतो, का एसी लावला की?"

मी विचार केला. दार उघडल्यावर वास कधीच नव्हता. एसी लावल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं जोरात यायचा, मग कमी व्हायचा. डिकीत मांस सांडलं असतं तर बंद गाडीचं दार उघडताच भपकारा आला असता, आणि एसीने तो गेला नसता. वीस वर्षं मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' असं सांगणारा मी, इथे प्रश्न न वाचताच उत्तर लिहून मोकळा झालो होतो.

सोलापूरकराला हे गणित कळायला हवं होतं. एअर कंडिशनिंग हा शब्दच कापडगिरणीतून आला. अमेरिकेत स्टुअर्ट क्रेमर नावाच्या इंजिनिअरने 1906 साली तो वापरला, तो गिरणीच्या हवेत ओलावा घालण्यासाठी. कोरड्या हवेत सूत तुटतं, हे आपल्याकडच्या माग चालवणाऱ्या कुणालाही विचारा. गाडीतला एसी उलट काम करतो. डॅशबोर्डच्या आत थंड कॉइल असते. तिच्यावर हवेतला ओलावा जमून पाणी होतं आणि ते एका बारीक नळीतून गाडीखाली टपकतं. गाडी बंद केली की कॉइल ओलीच राहते. अंधार, ओल आणि धूळ, एवढ्यावर बुरशी वाढते. पुढच्या वेळी पंखा सुरू झाला की पहिला झोत तिचाच.

मेकॅनिकने डॅशबोर्डचा खण उतरवून मागचा फिल्टर काढला. काळा ठिक्कर, आणि त्यात शाळेतल्या लिंबाचा पाला. गाडी रोज त्याच झाडाखाली उभी असते. पाण्याची नळी चिखलाने बुजली होती. गाडीखाली पाणी टपकत नाही हे मला कधी जाणवलंच नव्हतं. ते पाणी आत शेजारच्या सीटखालच्या गालिच्यात मुरत होतं. म्हणजे सर जिथे बसायचे, बरोबर तिथेच. त्यांना सगळ्यात जास्त वास येणं साहजिक होतं.

नळी मोकळी केली, कॉइलवर फेस मारून ती धुतली, नवा फिल्टर बसवला. गालिचा दोन दिवस उन्हात टाकला. आता घर दोनेक किलोमीटरवर आलं की मी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवतो, म्हणजे कॉइल वाळते. अधूनमधून बाहेरची हवा आत घेतो. वास परत आलेला नाही.

तुमच्याही गाडीत वास असेल तर तो कधी येतो ते आधी पाहा. एसी लावताच येऊन कमी होत असेल तर कॉइल आणि फिल्टर. सतत सडका असेल तर आत उंदीर मेलेला असू शकतो. गोडसर असेल तर कूलंट गळत असेल. पेट्रोलचा किंवा धुराचा असेल तर थांबू नका, गाडी लगेच दाखवा.

आणि सेंट शेवटी. जुम्याला आपण आधी गुस्ल करतो, धुतलेले कपडे घालतो, मग अत्तर लावतो. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. दुसऱ्याच्या नाकाची काळजी आपल्याला शिकवलेली आहे. मी मात्र काळजी घेतली नव्हती, लाज धरली होती. सरांनी एक थट्टा केली. आळ मी स्वतःच माझ्या घरावर घेतला, आणि तो बायकोला रिक्षाने पाठवण्यापर्यंत नेला.

सरांना तो काळा फिल्टर दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "आणि मी तुम्हाला ईद म्हणालो," एवढंच बोलले. त्या दिवसापासून गाडी लिंबाखाली लावायची नाही, याची आठवण तेच करतात.

पुढच्या रविवारी मी बायकोला म्हटलं, चल, आपाकडे डबा घेऊन जाऊ, गाडीने. ती सीटवर बसली, डबा मांडीवर ठेवला, आणि एसी लावल्यावर विचारलं, "अब बास नै आती?"

मी नाही म्हणालो. आपाचं घर येईपर्यंत दुसरं काही बोललो नाही.