बोबडे बहाद्दर

आमच्या भागात मारामारीचा कोणताही परदेशी सिनेमा म्हणजे 'इंग्लिश पिच्चर'. ब्रूस ली आणि जॅकी चॅन हाँगकाँगचे, श्वार्झनेगर ऑस्ट्रियाचा, व्हॅन डॅम बेल्जियमचा, पण या भानगडीत कुणी पडत नसे. पोस्टरवर परका चेहरा, हातात बंदूक किंवा उघडी छाती दिसली की आमचा माणूस खुशाल सांगणार, "इंग्लिश लागलाय." हे पिच्चर मी गेली चाळीसेक वर्षं पाहत आलो आहे. दिवाळी अंकांतून राय, कुरोसावा, बर्गमन यांच्यावर लेख येतात, ते मी आदरानं वाचतो. प्रेम मात्र या मारामारीवाल्यांवर आहे, आणि त्याला कारण आहे.

आधी गाव सांगतो. मुधोळ म्हटलं की कोल्हापूरकडचा माणूस कुत्र्यांची चौकशी करतो. ते मुधोळ कर्नाटकातलं, बागलकोट जिल्ह्यातलं. आमचं मुधोळ बासर आणि भैंसा यांच्यामधलं. १९५६ पूर्वी आमचा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली, नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि त्यातून मुधोळ, भैंसा, कुबेर ही आमची तीन सर्कलं वगळून आंध्रात ठेवली. आम्ही आदिलाबादवाले झालो. २०१४ साली तेलंगण आलं, २०१६ साली निर्मल जिल्हा झाला. माणसं जागची हलली नाहीत, पत्ते बदलत राहिले.

परिणाम असा की आम्ही घरात मराठी, बाजारात दखनी आणि कचेरीत तेलुगू बोलतो आणि तिन्हीकडे थोडं थोडं चुकतो. माझं तेलुगू ऐकलं की समोरचा कारकून कागदावरून मान वर करून बघतो. आणि मराठी? तरुणपणी नोकरीसाठी पलीकडे एका मुलाखतीला गेलो होतो. मी दोन वाक्यं बोललो असेन. खुर्चीतले गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "हे जरा तिकडचं वाटतं." मी तिथंच बसलो होतो. नोकरी मिळाली नाही त्याचं फार वाटलं नाही, 'तिकडचं' हा शब्द मात्र राहून गेला.

तर भैंशाची टॉकीज. तेलुगू पिच्चर असला की आई दर पाच मिनिटांनी विचारायची, "काय म्हणाला रे?" हिंदी असला की माझा तेलुगू मित्र मागं पडायचा. इंग्लिश पिच्चर लागला की मात्र सगळं थिएटर एका पातळीवर यायचं, कारण कुणालाच काही कळत नसे. त्या अंधारात कुणी 'तिकडचा' नव्हता. मित्राला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे शून्य, पण पडद्यावर ओठ हलले की तो दखनीत अर्थ सांगायला सुरुवात करी. "बोलताय, मेरी बेटी किधर है? नै बताया तो गर्दन मोडतूं." पुढच्या रांगेतले लोक माना वळवून त्याचं ऐकत. पुढं 'कमांडो' टीव्हीवर नीट समजून घेऊन पाहिला तेव्हा कळलं, त्यानं फारसं काही चुकवलं नव्हतं. त्या पिच्चरांत बोलण्यासारखं होतं तरी किती!

पण बोलण्यासारखं कमी का होतं, याचा विचार मी नंतर केला. या नटांची एकेकाची कुंडली पाहा. ब्रूस ली जन्मला १९४० साली सॅनफ्रान्सिस्कोत, वाढला हाँगकाँगला. अठराव्या वर्षी अमेरिकेत परतला तो चिनी वळणाचं इंग्रजी घेऊन. 'ग्रीन हॉर्नेट' मालिकेत त्याला काम मिळालं ते डोळ्यांवर मुखवटा लावून गाडी हाकणाऱ्या केटोचं. १९७२ साली 'कुंग फू' ही मालिका आली तेव्हा तिच्यातला अर्धचिनी नायक डेव्हिड कॅराडाइन या गोऱ्या नटानं केला. 'एंटर द ड्रॅगन' अमेरिकेत झळकण्याच्या महिनाभर आधी, २० जुलै १९७३ रोजी, बत्तिसाव्या वर्षी ली गेला. आमच्याकडे तो सिनेमा कैक वर्षांनी पोचला, रेघोट्या पडलेल्या प्रिंटीवर. लीच्या किंचाळ्या मात्र शाबूत होत्या. त्या किंचाळीला भाषांतर लागत नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांनी ती आठवड्यात आत्मसात केली आणि म्हाताऱ्यांची झोप उडवली.

स्टॅलोनची जन्माच्या वेळीच चेहऱ्याची नस दुखावली होती. त्यामुळं ओठाची एक बाजू ओढलेली आणि बोलणं जड. त्याचा 'फर्स्ट ब्लड' (१९८२) मी या सगळ्या सिनेमांत वरचा मानतो. व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक पायी एका लहान गावात येतो. शेरीफ त्याला गाडीत घालून गावाच्या हद्दीबाहेर नेऊन सोडतो, तुझ्यासारखे इथं नकोत म्हणून. तो वळतो आणि पुन्हा गावाकडं चालू लागतो. एवढ्यावर सारा पिच्चर उभा आहे. हद्द म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. थिएटरात तेवढ्यालाच शिट्ट्या पडल्या होत्या. लोकांना वाटतं रँबो म्हणजे मुडद्यांचा ढीग. या पहिल्या सिनेमात एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून तोल जाऊन. ढीग पडले ते १९८५ च्या दुसऱ्या भागापासून, आणि तिथून माझा रस संपला.

या सिनेमाच्या शेवटी रँबो कोसळतो आणि बोलू लागतो. मेलेल्या मित्राबद्दल, विमानतळावर थुंकणाऱ्या लोकांबद्दल, एकदाचं सगळं. आमच्या टॉकीजमध्ये तोवर निम्मे लोक शेवटच्या बससाठी उठले होते, कारण फायटिंग संपली होती. बरीच वर्षं गेल्यावर सीडीवर खाली इंग्रजी अक्षरं वाचत मी ते पाहिलं. आमचा दुभाष्या मित्र शेजारी होता. तो या वेळी काही बोलला नाही.

श्वार्झनेगरची गोष्ट तर याहून वरची. ऑस्ट्रियातल्या ग्राझजवळच्या थाल नावाच्या खेड्यातला पोलिसाचा पोरगा. त्याच्या पहिल्या सिनेमात, १९७० च्या 'हर्क्युलिस इन न्यूयॉर्क'मध्ये, त्याचा उच्चार चालेना म्हणून आवाज दुसऱ्याचा घातला. 'टर्मिनेटर'च्या (१९८४) वेळी 'आयल' जमत नाही, 'आय विल' म्हणू द्या, असं तो दिग्दर्शक कॅमरूनला विनवत होता. कॅमरूननं ऐकलं नाही आणि तेच वाक्य जगभर गाजलं. पण मला चटका लावतं ते दुसरंच. त्याचे सिनेमे जर्मन भाषेत निघतात तेव्हाही आवाज त्याचा नसतो. वर्षानुवर्षं तो टोमास डानेबेर्ग या नटानं दिला, आणि गंमत म्हणजे स्टॅलोनलाही त्याचाच. म्हणजे इंग्रजीत तो परका, आणि मायबोलीत आवाज दुसऱ्याचा. असा माणूस २००३ साली कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होतो आणि तेच बोबडं इंग्रजी बोलत २०११ पर्यंत राज्य करतो. माझ्या मुलाखतीतल्या त्या गृहस्थांना हे कळवावंसं फार वाटलं होतं.

आपल्याकडेही हे घडून गेलं आहे, हॉलिवूडच्या आधी. मूकपटांच्या काळात तलवारबाजी आणि उड्या मारून देश जिंकणारा मास्टर विठ्ठल हा मराठी गडी 'हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स' म्हणून ओळखला जाई. 'आलम आरा'साठी तो दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा जुन्या कंपनीनं दावा लावला आणि त्याच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर जीना. दावा जिंकला. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये आपला पहिला बोलपट लागला. पण विठ्ठलची उर्दू कच्ची, म्हणून त्याला बराच वेळ गुंगीत असल्यासारखं दाखवलं, असं सांगतात. जो बोलत नव्हता तोवर राजा होता, तो पडदा बोलू लागताच मागं सरला आणि पुढं मराठी सिनेमात रमला. 'आलम आरा'ची प्रिंटही आता उरलेली नाही.

व्हॅन डॅमबद्दल मी फार बोलणार नाही. दोन खुर्च्यांवर दोन पाय टाकून बसण्याचं कौतुक दोन सिनेमे पुरतं. स्टीव्हन सीगल मला कधीच आवडला नाही. जॅकी चॅन मात्र या सगळ्यांचा बाप, कारण त्याला लागतं. 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी झाडावरून पडून त्याची कवटी फुटली होती. मार खाल्ल्यावर हात झटकणारा नायक मी त्याच्याआधी पाहिला नव्हता.

मग डबिंग आलं. १९९४ साली 'जुरासिक पार्क' हिंदीत बोलला आणि पुढं सगळेच हिंदी, तेलुगू बोलू लागले. मित्र खूश, कारण आता श्वार्झनेगर अस्खलित तेलुगू बोलतो, माझ्यापेक्षा चांगलं. मोबाइलवर सिनेमा उघडला की भाषांची यादी येते, हिंदी, तमिळ, तेलुगू. तीत मराठी मला क्वचितच दिसली. भाची विचारते, "मामा, कुठली लावू?" मी इंग्रजीच लावायला सांगतो. ती म्हणते, "तुला कळत नाही ना?" हौ, नाही कळत.

या साऱ्यांत एकच फडाफडा बोलणारा होता, ब्रूस विलिस. 'डाय हार्ड'मध्ये (१९८८) तो अनवाणी, काचांवरून रक्ताळल्या पायांनी चालतो आणि तोंडाचा पट्टा चालूच, स्वतःशी, वॉकीटॉकीवर, गुंडांशी. मुक्या पैलवानांच्या जमान्यात तो आला म्हणून वेगळा वाटला. मार्च २०२२ मध्ये त्याच्या घरच्यांनी कळवलं की त्याला वाचाघात झाला आहे, शब्द सापडत नाहीत, तो काम थांबवतो आहे. पुढच्या वर्षी मेंदूच्या आजाराचं निदान झालं. मी ही बातमी मित्राला सांगायला भैंशाला गेलो. तो दुकानात हिशेब करत बसला होता. ऐकून त्यानं पेन खाली ठेवलं.

"उने तो सबसे जास्ती बोलता था," तो म्हणाला.